दरमहा ८,३३३ पौंड, अंदाजे १६ तास : नॉर्थ श्रॉपशायरच्या मतदारांनी काय वाचलं

लोकप्रतिनिधीने बाहेरची कमाई जाहीर केली की मतदार तिच्याकडे कसं पाहतो? ब्रिटनमधल्या नॉर्थ श्रॉपशायर मतदारसंघात २०१५ ते २०२१ या सहा वर्षांत जे घडलं, त्यातून या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं. खासदाराची कमाई लपलेली नव्हती. आकडा, पैसे देणारी कंपनी आणि कामाचे तास, सगळं संसदेच्या रजिस्टरमध्ये होतं. मतदारांनी तरीही त्याला दोनदा भरघोस मतांनी निवडून दिलं आणि तिसऱ्या वेळी त्याच्या पक्षाला घरी बसवलं. आकडे तेच होते. मग बदललं काय, ते या प्रकरणात शोधायचं आहे.

सुरुवातीलाच एक शब्द बाजूला काढून ठेवतो. मराठीत ‘वरकमाई’ म्हटलं की लाचेचा वास येतो. इथे सुरुवातीला तरी प्रश्न त्या कमाईचा नाही. पगाराव्यतिरिक्त उघडपणे आणि नियमात बसवून मिळवलेल्या पैशाचा आहे. म्हणून पुढे ‘बाहेरची कमाई’ असाच शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी

नॉर्थ श्रॉपशायर हा इंग्लंडच्या पश्चिम टोकाचा, वेल्सच्या सीमेला लागून असलेला मतदारसंघ. ऑस्वेस्ट्री, मार्केट ड्रेटन, व्हिटचर्च, वेम ही त्यातली छोटी बाजारगावं. आजूबाजूला दुभती जनावरं आणि कुरणं. हुजूर पक्षाचा हा तेव्हा बालेकिल्ला होता. ओवेन पॅटरसन इथून १९९७ पासून खासदार होते. २०१० ते २०१२ ते उत्तर आयर्लंडचे मंत्री होते, नंतर जुलै २०१४ पर्यंत पर्यावरण, अन्न व ग्रामीण खात्याचे. मंत्रिपद गेल्यावर वर्षभराने, ऑगस्ट २०१५ मध्ये, ते उत्तर आयर्लंडमधल्या रँडॉक्स या वैद्यकीय चाचण्यांच्या कंपनीचे पगारी सल्लागार झाले. डिसेंबर २०१६ पासून तिथल्याच लिन्स कंट्री फूड्स या मांसप्रक्रिया कंपनीचेही.

ब्रिटनमध्ये मंत्री नसलेल्या साध्या खासदाराने बाहेर काम करून पैसे मिळवायला बंदी नाही आणि कमाईला वरची मर्यादाही नाही. अट नोंदणीची आहे. पैसे मिळाल्यापासून २८ दिवसांत ते हितसंबंधांच्या रजिस्टरमध्ये नोंदवायचे. कोणी दिले, किती दिले आणि त्यासाठी किती तास काम केलं, हे तिन्ही लिहायचं. तासांचा रकाना २००९ मध्ये आला. त्या वर्षी खासदारांच्या भत्त्यांचा घोटाळा उघड होऊन लोक चिडले होते. रजिस्टर कोणालाही घरबसल्या वाचता येतं.

ज्याला सक्त मनाई आहे ती गोष्ट वेगळी : पैसे घेऊन वकिली. म्हणजे ज्याच्याकडून पैसे घेतो त्याच्या फायद्यासाठी मंत्र्याकडे, अधिकाऱ्याकडे किंवा सभागृहात शब्द टाकणं. या मनाईचं मूळ १९४७ च्या ठरावात आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं प्रकरण गाजल्यावर १९९५ मध्ये ती आणखी कडक झाली. नियमाला एक पळवाट मात्र ठेवलेली होती. एखादा गंभीर अन्याय किंवा लोकांच्या जिवाचा धोका नजरेस आला, तर पैसे देणाऱ्या संस्थेशी संबंधित विषयातही खासदार अधिकाऱ्यांना सावध करू शकतो. या प्रकरणातला सगळा वाद पुढे याच पळवाटेवर झाला.

नोंद जवळून पाहू

रँडॉक्सकडून दरमहा ८,३३३ पौंड, अंदाजे १६ तासांच्या कामासाठी. लिन्सकडून दर दोन महिन्यांनी २,००० पौंड, ४ तासांसाठी. रजिस्टरमधल्या नोंदीचा गाभा इतकाच. आता गणित मांडू. रँडॉक्सचे वर्षाला १ लाख आणि लिन्सचे १२ हजार, म्हणजे १ लाख १२ हजार पौंड. खासदाराचा पगार २०२१ मध्ये ८१,९३२ पौंड होता. बाहेरची कमाई पगाराच्या सव्वापटीहून अधिक झाली. तासाचा दर रँडॉक्सकडे ५२० पौंड आणि लिन्सकडे ५००. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एका तासाचे साधारण ५०-५२ हजार रुपये.

इतकं सगळं कागदावर असताना एक गोष्ट त्यात नव्हती : काम काय? ‘सल्लागार’ या एका शब्दापलीकडे नोंद काही सांगत नाही. प्रयोगशाळेच्या कंपनीला आणि मांसाच्या कारखान्याला माजी पर्यावरणमंत्री तासाला ५०० पौंड घेऊन नेमका कोणता सल्ला देतो? मतदाराला खरं तर हाच प्रश्न पडायला हवा होता, पण तो उभा राहील असं नोंदीत काहीच नव्हतं.

मतदारांची त्या काळातली प्रतिक्रिया मतपेटीतच पाहावी लागते. जून २०१७ मध्ये, दोन्ही नोंदी रजिस्टरवर असताना, पॅटरसन यांना ६० टक्क्यांच्या वर मतं मिळाली. सप्टेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांच्या या कामाबद्दल छापलं. ३० ऑक्टोबर २०१९ रोजी खासदारांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या संसदेच्या मानक आयुक्त कॅथरिन स्टोन यांनी चौकशी सुरू केली. त्यानंतर सहा आठवड्यांत निवडणूक झाली आणि पॅटरसन यांची मतं वाढून ६२.७ टक्के झाली. मताधिक्य होतं २२,९४९. रजिस्टर खुलं होतं, बातमी छापून आली होती, तरीही मतं वाढली. जाहीर केलं की मतदार आपोआप हिशेब मागतो, असं मानणाऱ्यांनी या दोन निकालांपाशी थोडं थांबावं.

अडचण : कमाई आणि खासदारकी एकाच टेबलावर

आयुक्तांची चौकशी दोन वर्षं चालली. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी मानक समितीचा अहवाल आला. या समितीत सात खासदार आणि सात बाहेरचे नागरिक सदस्य असतात. अध्यक्ष मजूर पक्षाचे ख्रिस ब्रायंट होते. निष्कर्ष तपशिलात वाचण्यासारखे आहेत, कारण मतदाराचं मत कुठे फिरलं त्याचं कारण याच तपशिलात आहे.

रँडॉक्ससाठी अन्न मानक संस्थेकडे तीनदा आणि आंतरराष्ट्रीय विकास खात्याच्या मंत्र्यांकडे चारदा संपर्क. लिन्ससाठी अन्न मानक संस्थेकडे सातदा. एकूण चौदा वेळा. चार ईमेलमध्ये ‘मी या कंपनीचा पगारी सल्लागार आहे’ हे सांगायचं राहिलं. पॅटरसन यांच्या संसदेतल्या कार्यालयात या धंद्याच्या २५ बैठका झाल्या. शिवाय धंद्यासंबंधीची दोन पत्रं हाऊस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे त्यांच्या सभागृहाच्या, छापील लेटरहेडवर गेली.

लेटरहेडची चूक वरवर किरकोळ वाटते. तसं नाही. त्या कागदावर डोक्याशी संसदेचं चिन्ह असतं, लोखंडी जाळीचं मुकुटधारी दार. असं पत्र अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचतं तेव्हा तो ते एका कंपनीच्या सल्लागाराचं म्हणून उघडत नाही, खासदाराचं म्हणून उघडतो. त्याला उत्तर द्यावं लागतं, लवकर द्यावं लागतं, वरिष्ठांना दाखवावं लागतं. कंपनी तासाला ५०० पौंड मोजते ते ज्ञानासाठी की या कागदासाठी, हा संशय इथे जन्म घेतो. आपल्याकडे आमदाराचं शिफारसपत्र तहसील कचेरीत काय काम करतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पॅटरसन यांचं म्हणणं असं : दुधात बंदी असलेल्या प्रतिजैविकाचे अंश सापडले होते, मांसाच्या बाबतीतही लोकांच्या आरोग्याचा प्रश्न होता, मी धोका कळवला, ते माझं कर्तव्य होतं. समितीने काही संपर्कांपुरता हा बचाव मान्य केला. धोका कळवण्यासाठी पहिल्यांदा लिहिणं नियमात बसत होतं. पण त्यानंतरच्या पाठपुराव्यात त्याच कंपनीच्या तंत्राची, मालाची, अडचणींची बाजू मांडणं त्यात बसत नव्हतं. समितीने ३० बैठक-दिवसांच्या, म्हणजे सभागृह भरतं अशा ३० दिवसांच्या, निलंबनाची शिफारस केली. चौकशीच्या काळात त्यांच्या पत्नीचं निधन झालं होतं. ते दुःख शिक्षा ठरवताना सौम्य करणारी बाब म्हणून धरल्याचं अहवालात नोंदलं आहे.

समोर असलेले पर्याय

निलंबन दहा बैठक-दिवसांचं किंवा त्याहून जास्त असलं की ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने मतदारसंघात ‘रिकॉल’ची, म्हणजे खासदाराला परत बोलावण्याची याचिका आपोआप उघडते. ती सहा आठवडे खुली राहते. दहा टक्के मतदारांनी सही केली तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते. त्या निवडणुकीला तोच खासदार पुन्हा उभा राहू शकतो.

पॅटरसन आणि सरकार या दोघांपुढेही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेच चित्र होतं. पहिला मार्ग : चूक कबूल करायची, ३० दिवस भोगायचे, याचिकेला सामोरं जायचं. दुसरा : निष्कर्ष मान्य करून माणुसकीच्या कारणाने शिक्षा दहा दिवसांच्या आत आणावी अशी सभागृहाला विनंती करायची. तिसरा : चौकशीची पद्धतच सदोष आहे, अपिलाची सोय नाही, असं म्हणून सगळं थांबवायचं आणि नियम बदलायचे.

पहिला मार्ग वाटतो तितका वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. २०१८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या नॉर्थ अँट्रिमचे खासदार इयन पेस्ली यांनाही नेमकं ३० बैठक-दिवसांचं निलंबन झालं होतं. तिथे याचिकेवर ९.४ टक्के सह्या झाल्या, दहा भरल्या नाहीत, आणि त्यांची खासदारकी टिकली. नॉर्थ श्रॉपशायरमध्ये आठ हजारांहून अधिक सह्या लागल्या असत्या. त्या झाल्याही असत्या कदाचित. पण मग मतदारांपुढचा प्रश्न एका माणसाच्या चुकीपुरता राहिला असता, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसाला लोक अनेकदा पदरात घेतात.

दुसऱ्या मार्गात पॅटरसन यांनी आधी चूक कबूल करणं गरजेचं होतं. ती त्यांनी केली नाही.

काय केलं गेलं

सरकारने तिसरा मार्ग धरला. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी हुजूर पक्षाच्या खासदार अँड्रिया लेडसम यांनी दुरुस्ती मांडली : निलंबनाचा निर्णय थांबवा, मानकांची व्यवस्था तपासायला सत्ताधारी बहुमताची नवी समिती नेमा. सरकारने तिच्या बाजूने कडक व्हिप काढला. दुरुस्ती २५० विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाली. हुजूर पक्षाच्या तेरा खासदारांनी व्हिप मोडून विरोधात मत दिलं, आणि बरेच जण मतदानाला फिरकलेच नाहीत.

विरोधी पक्षांनी नव्या समितीत बसायला नकार दिला. एकट्या सत्ताधाऱ्यांची समिती आणि ती आपल्याच माणसाची शिक्षा थांबवून नेमलेली, हे कोणाच्याही गळी उतरण्यासारखं नव्हतं. त्यातच पॅटरसन यांनी मतदानानंतरच्या मुलाखतीत सांगितलं की उद्याही हेच करायला मी मागेपुढे पाहणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारने माघार घेतली आणि दुपारपर्यंत पॅटरसन यांनी खासदारकी सोडली. आदल्या दिवशी नाक दाबून सरकारच्या बाजूने मत दिलेले खासदार मधल्यामध्ये अडकले. आपापल्या मतदारसंघात त्या मताचं उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं, आणि ज्याच्यासाठी मत दिलं तो माणूस एव्हाना गेलेला होता.

मतदाराच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. तोवर प्रश्न होता, ‘या माणसाने बाहेरून किती कमावलं?’ ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून तो झाला, ‘आपल्याला एक नियम आणि त्यांना दुसरा का?’ १ लाख १२ हजार पौंडांचा आकडा ऑस्वेस्ट्रीतल्या दूध उत्पादकाला दूरचा वाटू शकतो. पकडला गेल्यावर नियमच बदलणं त्याला लगेच कळतं.

आणखी एक धागा लोकांच्या मनात जोडला गेला. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, रँडॉक्सला १३.३ कोटी पौंडांचं चाचण्यांचं कंत्राट निविदा न काढता दिलं गेलं होतं. आयुक्तांच्या चौकशीचा तो विषय नव्हता. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, कंत्राटं गैरमार्गाने दिल्याचा पुरावा दिसला नाही असं सांगितलं, पण निर्णयांची कागदपत्रं नीट ठेवली नव्हती हेही नोंदवलं. निकाल लागेपर्यंत थांबण्याइतका धीर मतदाराला नसतो, आणि तो त्याच्याकडून मागणंही बरोबर नाही. पैसे देणारी कंपनी तीच आणि कंत्राट मिळालेलीही तीच, एवढं त्याला दिसलं.

निकाल

पोटनिवडणूक १६ डिसेंबर २०२१ रोजी झाली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या हेलन मॉर्गन १७,९५७ मतं मिळवून निवडून आल्या. हुजूर पक्षाच्या उमेदवाराला १२,०३२ मतं पडली. मताधिक्य ५,९२५. मतांचा कल ३४ टक्क्यांनी फिरला. याच मॉर्गन दोन वर्षांपूर्वी याच जागी उभ्या राहून ५,६४३ मतांवर तिसऱ्या आल्या होत्या.

मथळे एवढ्यावर थांबले. पण आकडे थोडे उलगडून पाहिले तर चित्र बदलतं. हुजूर पक्षाची मतं ३५,४४४ वरून १२,०३२ वर आली, म्हणजे २३,४१२ ने घटली. मॉर्गन यांची १२,३१४ ने वाढली. मजूर पक्षाची १२,४९५ वरून ३,६८६ वर आली, म्हणजे ८,८०९ कमी झाली. मतदान ६७.९ टक्क्यांवरून ४६.३ टक्क्यांवर उतरलं. कोणता मतदार कुठे गेला हे नुसत्या बेरजेवरून ठामपणे सांगता येत नाही. तरी इतकं दिसतं की मजूर पक्षाचे बरेच मतदार जिंकू शकणाऱ्या उमेदवाराकडे गेले असणार आणि हुजूर पक्षाचा मोठा मतदारवर्ग घरीच बसला. थंडीतल्या पोटनिवडणुकीला मतदान नेहमीच कमी होतं, हेही धरा. बालेकिल्ल्यातला नाराज मतदार पक्ष बदलायच्या आधी मतदानाला जायचं थांबतो, आणि निष्ठावंतांच्या घरी बसण्यानेच असे गड पडतात.

हा निकाल केवळ बाहेरच्या कमाईचा होता असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. नोव्हेंबरच्या शेवटी टाळेबंदीच्या काळातल्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या, पार्ट्यांची बातमी फुटली, ७ डिसेंबरला त्याबद्दल हसत बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांची चित्रफीत बाहेर आली. गावागावांत रुग्णवाहिका तासन् तास येत नव्हत्या. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार कराराने पशुपालक शेतकरी धास्तावले होते. पॅटरसन प्रकरणाने निवडणूक लावली आणि ‘हे स्वतःला नियमाबाहेर समजतात’ ही भावना पेरली. पार्ट्यांनी तिला खतपाणी घातलं. दोन्हीचा वाटा टक्क्यांत वेगळा काढण्याचा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मॉर्गन यांनी २०२४ मध्ये ही जागा १५,३११ च्या मताधिक्याने राखली. म्हणजे गेलेला मतदार परत फिरला नाही.

त्याच आठवड्यातला दुसरा खासदार

ताडून पाहायला दुसरं उदाहरण हाताशी आहे. त्याच नोव्हेंबरात, त्याच पक्षाचे, डेव्हनमधले खासदार सर जेफ्री कॉक्स बातम्यांत आले. माजी महाधिवक्ता, नामांकित वकील. वकिलीतून त्यांनी वर्षभरात ९ लाख पौंडांच्या आसपास कमावलं होतं, पॅटरसन यांच्या आठपट. ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या सरकारचं वकीलपत्र घेऊन ते तिकडे गेले होते, आणि कोविडकाळातल्या सवलतीनुसार सभागृहातलं त्यांचं मत दुसऱ्यामार्फत नोंदवलं जात होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : मी व्यवसायात मोठा वकील आहे हे माझ्या मतदारांना माहीत आहे, असा खासदार हवा की नको ते त्यांनीच ठरवावं.

मतदारांनी २०२४ मध्ये ठरवलं. नव्या सीमांच्या टॉरिज आणि टॅव्हिस्टॉक मतदारसंघात कॉक्स ३,९५० मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये जुन्या मतदारसंघात त्यांचं मताधिक्य २४,९९२ होतं. सीमा बदललेल्या असल्यामुळे थेट तुलना जपूनच करावी. शिवाय देशभर हुजूर पक्ष ३६५ जागांवरून १२१ वर आला होता. त्या पडझडीत ते तगले.

आठपट कमावणारा राहिला आणि कमी कमावणाऱ्याची जागा गेली. मतदार आकड्याकडे बघतच नाही असा याचा अर्थ नव्हे. रोझी कॅम्पबेल आणि फिलिप काउली या ब्रिटिश अभ्यासकांनी काल्पनिक उमेदवारांची माहिती लोकांपुढे ठेवून प्रयोग केले आहेत. त्यांतून दिसतं की बाहेरचं काम करणारा खासदार लोकांना एकूणात कमी आवडतो, आणि फार मोठी कमाई दाखवली की तो त्यांना आपल्यापासून दूरचा वाटतो. पण काम कोणतं आणि कशासाठी केलं जातं, याने फरक पडतो. कॉक्स यांचं काम लोकांना कळतं : वकील कोर्टात उभा राहतो, त्याची फी घेतो. त्यांच्यावरचा आक्षेप वेळेचा होता, आमचा माणूस आमच्यासाठी किती हजर असतो एवढाच. पॅटरसन यांच्यावरचा आक्षेप होता की आमच्या मताने मिळालेली खुर्ची त्यांनी दुसऱ्याला भाड्याने दिली. वेळेच्या आक्षेपाला पाच वर्षांचं काम उत्तर देऊ शकतं. खुर्चीच्या आक्षेपाला तसं उत्तर देता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पॅटरसन यांच्यासाठी पहिला निर्णायक क्षण २०१६ मधला होता. दूषित दुधाचा धोका कळला, तेव्हा आपल्या पगारी नात्याचा उल्लेख पहिल्याच ओळीत करून साध्या कागदावर एकदा लिहायचं आणि पुढचा पाठपुरावा कंपनीच्या तज्ज्ञांवर किंवा हितसंबंध नसलेल्या दुसऱ्या खासदारावर सोपवायचा. धोका तितक्याच लवकर कळला असता. नियमातली पळवाट याचसाठी होती. पाठपुरावा स्वतः करत राहिल्यामुळे प्रामाणिक हेतूही सिद्ध करता येईना.

बैठकांच्या जागेचा मुद्दा तर फक्त सोयीचा होता. संसदेपासून चालत जाण्याच्या अंतरावर भाड्याच्या खोल्या मिळतात. महिन्याला ८ हजार पौंड घेणाऱ्याने ते भाडं भरणं अवघड नव्हतं.

सरकारची चूक क्रमाची होती. अपिलाची सोय हवी, ही मागणी मुळात रास्त होती, पुढे ती सोय झालीही. पण एखाद्याची शिक्षा समोर असताना त्या शिक्षेला जोडून नियम सुधारायला घेतले की सुधारणा कितीही चांगली असो, लोक तिला डाव समजतात. आधी शिक्षेचं मतदान, मग काही महिन्यांनी नियमांचा फेरविचार, एवढं केलं असतं तरी २२,९४९ चं मताधिक्य धोक्यात आलं नसतं, असं आमचं मत आहे.

रजिस्टर चालवणाऱ्यांनी ‘सल्लागार’ हा शब्द स्वीकारायलाच नको होता. कामाचं वर्णन एका वाक्यात सक्तीचं असतं, तर २०१७ मध्येच कोणीतरी विचारलं असतं. मार्च २०२३ पासून नवे नियम आले : संसदेच्या कामकाजाबद्दल पगारी सल्ला देणं बंद, आणि बाहेरच्या कामासाठी लेखी करार हवा, ज्यात मंत्री-अधिकाऱ्यांकडे शब्द टाकणं हे कामाचा भाग नाही असं स्पष्ट लिहिलेलं असेल. २०२४ मध्ये सत्ताबदलानंतर हे आणखी आवळलं. तो करार मात्र रजिस्टरसारखा लोकांपुढे ठेवला जात नाही, आणि मतदाराच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे.

आपल्याकडचं शपथपत्र याच नजरेने

महाराष्ट्रातला मतदार हे प्रकरण वाचून नमुना २६ कडे, म्हणजे उमेदवाराच्या शपथपत्राकडे, वळला, तर त्याला फरक लगेच जाणवेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. २०१८ च्या निकालानंतर उत्पन्नाचे स्रोतही द्यावे लागतात. आज शपथपत्रात उमेदवार, पती किंवा पत्नी आणि अवलंबितांच्या गेल्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतलं उत्पन्न असतं. पण ते अर्ज भरताना, म्हणजे पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात आमदाराने कोणाकडून काय घेतलं, किती तास दिले, हे सांगणारं रजिस्टर नाही. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांचं रजिस्टर आहे, लोकसभेत तसं नाही.

त्यामुळे आपल्याकडे चर्चा मालमत्तेवर अडकते : कोट्यधीश किती, कोणाची संपत्ती किती पटीने वाढली. वडिलोपार्जित जमिनीचा बाजारभाव वाढला तरी तो आकडा फुगतो, आणि त्यात उमेदवाराचं काहीच कर्तृत्व किंवा अपराध नसतो. उत्पन्नाच्या रकान्यातही गफलत होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्रातल्या एकूण उत्पन्नात ते धरलेलं नसतं. विवरणपत्रात चार लाख आणि राहणीमान चाळीस लाखांचं, यामागे कधी चोरी असते, कधी नुसती ऊसशेती. फक्त आकडा पाहून दोन्ही सारखेच दिसतात. आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती व व्यापार’ असं लिहिलेलं सापडलं की तो आपला ‘सल्लागार’ समजावा.

नॉर्थ श्रॉपशायरच्या मतदारांनी सहा वर्षांनी विचारलेला प्रश्न आपल्या शपथपत्रात शोधायचा असेल तर मालमत्तेची बेरीज आधी सोडून द्यावी. व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत आणि शासनाशी किंवा सरकारी कंपनीशी असलेली कंत्राटं, हे तपशील शपथपत्रात जवळजवळ येतात. ते एकत्र ठेवून वाचावेत. कंत्राटाच्या तपशिलात उमेदवाराच्या नावाबरोबर कुटुंबीय, भागीदारी संस्था आणि ज्यात हिस्सा आहे अशा खासगी कंपन्या यांचाही उल्लेख मागितलेला असतो. कंपनीचं नाव मिळालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक पाहता येतात. मग तीच कंपनी गेल्या पाच वर्षांत नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा बांधकाम खात्याच्या कोणत्या निविदांत होती, ते माहिती अधिकारात विचारावं. अर्जाला दहा रुपये आणि उत्तराला साधारण तीस दिवस लागतात. म्हणून हे काम मतदानाच्या आठवड्यात होत नाही, मागच्या निवडणुकीचं शपथपत्र हाताशी घेऊन आत्ताच सुरू करावं लागतं.